शी बिलीव्ह्स कप : तिकीट एक, मॅच दोन

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच. पण ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा आहे त्यांना आधीच सांगून टाकते: तिकीट काढाल ते अमेरिकेच्या मॅचसाठी काढू नका. ती बघा, पैसे भरलेलेच आहेत. पण खरी वसुली त्याच तिकिटावर मिळणाऱ्या दुसऱ्या मॅचमध्ये आहे, जिला निम्मं स्टेडियम रिकामं असतं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेचा फुटबॉल महासंघ २०१६ पासून ही छोटी निमंत्रितांची स्पर्धा भरवतो. चार देशांचे महिला राष्ट्रीय संघ: एक यजमान, तीन पाहुणे. प्रत्येकाची प्रत्येकाशी एक मॅच, म्हणजे एकूण सहा. बहुतेक वर्षी आठवडाभरात तीन शहरं, प्रत्येक शहरात एकाच मैदानावर एकाच दिवशी दोन मॅचेस. पात्रता फेरी नाही, उपांत्य फेरी नाही, फायनलही नाही. सर्वांत जास्त गुण ज्याचे, त्याच्या हातात कप. २०२४ ला यात बदल केला होता, त्यावर माझं बरंच म्हणणं आहे, ते नंतर.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवरची पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा ही फुटबॉल संघांची नावं बाराखडीच्या आधी पाठ झालेली. आमच्या लहानपणी मॅच असली की गल्लीतले सगळे पुरुष दुपारपासून गायब, आणि संध्याकाळी कोणाचा चेहरा कसा आहे त्यावरून निकाल कळायचा. बायका-पोरींनी स्टेडियमवर जायची पद्धत नव्हती. दादा येऊन सगळी मॅच हातवारे करून सांगायचा, मी ती डोळ्यांपुढे आणायची. तेव्हा इथे न्यू जर्सीत आल्यावर बायकांची मॅच, तीही देशांची, आणि बघायला घराघरातून मुली-आया-आज्या निघालेल्या, हे म्हणजे माझ्यासाठी लईच झालं. माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार, ते धरून चाला.

आमच्याकडचं मैदान म्हणजे हॅरिसनचं रेड बुल अरीना. आता त्याचं नाव स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड स्टेडियम झालंय, पण आमच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. २०१७, २०१८ आणि २०२० या तिन्ही वर्षी स्पर्धेचा मधला दिवस इथेच होता. साधारण पंचवीस हजारांचं स्टेडियम, फक्त फुटबॉलसाठी बांधलेलं, त्यामुळे मध्ये धावपट्टी वगैरे नाही. खालच्या रांगेत बसलात तर कॉर्नर घेणारीच्या बुटाच्या नाड्या दिसतात. सगळ्या खुर्च्यांवर छप्पर आहे, म्हणून पावसाची काळजी नाही. थंडीची मात्र करा. मार्चमधलं हॅरिसन, शेजारून पसेइक नदी, आणि नदीवरून येणारं वारं. २०१७ च्या ४ मार्चला अशी हाडं गोठवणारी थंडी होती की आमच्या घरच्यांनी हाफटाइमला "घरी टीव्ही आहे" हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की मी शेवटी माझी शाल त्यांच्या अंगावर टाकली आणि पुढं बघायला लागले.

घरचे पुण्याचे, क्रिकेटवाले. फुटबॉल म्हणजे त्यांच्या मते नव्वद मिनिटं पळापळ आणि शेवटी शून्य-शून्य. दुर्दैवानं त्याच दिवशी फ्रान्स-जर्मनी मॅच खरोखरच शून्य-शून्य झाली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी मात्र ती मॅच आजही कोणाला सांगते. फ्रान्सच्या मधल्या फळीत बॉल इतका शांतपणे फिरत होता, जर्मनीच्या पोरी इतक्या शिस्तीत जागा बंद करत होत्या, की गोल झाला नाही हे मला घरी येईपर्यंत खटकलं नाही. अमेरिका-इंग्लंडचा निकाल त्याहून मजेदार: सगळं स्टेडियम यजमानांच्या नावानं ओरडतंय, आणि शेवटच्या मिनिटांत एलन व्हाइटनं गोल टाकून इंग्लंडला १-० जिंकवलं. वीसेक हजार लोक एकदम गप्प झाले की काय आवाज येतो, तो त्या दिवशी कळला. त्या वर्षीचा कप शेवटी फ्रान्सनं नेला. वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियमवर त्यांनी अमेरिकेला ३-० असं धुतलं.

आता त्या रिकाम्या मॅचबद्दल. अमेरिकेची मॅच म्हणजे जत्रा. एका गोलमागच्या भागात समर्थक ढोल बडवत उभे, चेहऱ्यावर पट्टे रंगवलेल्या शाळकरी पोरींच्या अख्ख्या टीम त्यांच्या कोचसकट, सगळीकडे किंचाळ्या. छान असतं, पण फुटबॉल ऐकू येत नाही. ज्या मॅचमध्ये अमेरिका नाही तिला मात्र प्रेक्षक तुरळक. पहिली असेल तर लोक अजून वाटेत, दुसरी असेल तर पार्किंगमधून आधी सुटायच्या घाईत. मग तुम्हाला काय मिळतं? खालच्या रांगेत जाऊन बसता येतं, कोणी हटकत नाही. (निदान मला कोणी हटकलं नाही.) आणि मैदानावरचं सगळं ऐकू येतं. गोलकीपर बचावफळीला ओरडून कुठं उभं राहायचं ते सांगतेय, पाठमोऱ्या खेळाडूला मागून कोणी आलं की तिची सोबतीण एका शब्दात सावध करतेय, टॅकलचा धप्प आवाज, बाकावरून प्रशिक्षकाची बोंब.

२०२० ला इंग्लंड-जपान अशी पहिली मॅच होती. जपान म्हणजे २०११ चे विश्वविजेते. त्यांच्या पोरी तीन-तीन पावलांवरून एकमेकींना पास देत पुढं यायच्या, आणि प्रत्येक पासाबरोबर एक छोटासा आवाज, हाक म्हणा, नाव म्हणा. माझी लेक तेव्हा शाळेच्या टीममध्ये मिडफिल्डला खेळायची आणि कोच तिला सारखा सांगायचा, बोलत खेळ, बोलत खेळ. घरी आम्ही सांगून थकलो होतो. त्या दिवशी अर्धा तास ती गप्प बसून ऐकत होती, मग म्हणाली, "आई, त्या सगळ्या मॅचभर बोलतात गं!" कोचची फी त्या दिवशी वसूल झाली. मॅच इंग्लंडनं शेवटाकडे १-० अशी काढली, परत एलन व्हाइटच. हॅरिसन तिला मानवतं असं दिसतंय, कारण २०१८ ला इथेच जर्मनीशी झालेल्या २-२ मध्येही इंग्लंडचे दोन्ही गोल तिचेच.

ती २०२० ची तारीख होती ८ मार्च. महिला दिन. त्याच पहाटे उन्हाळी वेळेसाठी इथली घड्याळं तासभर पुढं गेलेली, त्यामुळे अर्धं न्यू जर्सी डोळे चोळतच आलं होतं. नंतरच्या अमेरिका-स्पेन मॅचला मात्र तुडुंब गर्दी. स्पेनचं नाव तेव्हा आमच्या आजूबाजूला कोणाला ठाऊक नव्हतं. मागच्या रांगेतले एक काका "हे चार-पाच गोल खाणार" म्हणून निश्चिंत होते. आणि स्पेननं बॉल असा काही ठेवला स्वतःकडे, की अमेरिकेला, म्हणजे जगज्जेत्यांना, सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत वाट बघावी लागली. तेव्हा कुठं फ्री किकवर ज्युली अर्ट्झनं डोकं लावलं आणि १-० झालं. काका नाचले. मी दादाला मेसेज टाकला: स्पेन लक्षात ठेव. त्या संघात अलेक्सिया पुतेयास होती. पुढं २०२१ आणि २०२२ असा लागोपाठ दोनदा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, तिला मिळाला, आणि २०२३ चा विश्वचषक स्पेननं उचलला. या छोट्या स्पर्धेची खरी किंमत मला इथं दिसते. वर्ल्ड कपमध्ये तुम्हाला तयार झालेले संघ बघायला मिळतात. इथं ते तयार होताना दिसतात, आणि तेही पुढच्या रांगेतून.

त्याच स्पर्धेत मैदानाबाहेर जे चाललं होतं तेही सांगायला हवं. अमेरिकेच्या खेळाडूंनी समान वेतनासाठी स्वतःच्याच महासंघाविरुद्ध खटला भरला होता, २०१९ च्या महिला दिनी. बरोबर एक वर्षानं त्या आमच्यासमोर त्याच महासंघाचा बिल्ला छातीवर लावून खेळत होत्या. त्याच सुमारास महासंघाच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदांत, पुरुषांच्या संघाचं काम जास्त कौशल्याचं आणि जबाबदारीचं, अशा अर्थाचा युक्तिवाद असल्याचं बाहेर आलं. तीन दिवसांनी टेक्सासमधल्या फ्रिस्कोला शेवटच्या मॅचच्या सरावाला पोरी बाहेर आल्या त्या जर्सी उलट्या घालून. बिल्ला आत, शिवण बाहेर. छातीवर वर्ल्ड कपचे चार तारे तेवढे उमटलेले दिसत होते. मग जपानला ३-१ हरवलं, कप उचलला, आणि दुसऱ्या दिवशी महासंघाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. माझ्या आजीला हे कळलं असतं तर ती "बरं केलं पोरींनी" एवढंच म्हणाली असती. पुढं २०२२ च्या फेब्रुवारीत, परत याच स्पर्धेच्या मधोमध, दोन कोटी चाळीस लाख डॉलरची तडजोड झाली.

कॅनडाचंही तसंच. २०२३ ला त्यांच्या खेळाडूंनी पैशांच्या कपातीवरून संप पुकारला, तर त्यांच्या महासंघानं कायद्याचा बडगा दाखवून त्यांना ऑर्लँडोत खेळायला उभं केलं. त्या जांभळे शर्ट घालून आल्या, त्यावर "आता पुरे" अशा अर्थाचे शब्द. मॅच सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ मध्यवर्तुळात एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभे. मी हे टीव्हीवर पाहिलं. अशी छोटी स्पर्धा कोणाच्या डोळ्यावर येत नाही, दडपण कमी असतं, म्हणून असेल कदाचित, पण खेळाडूंना जे बोलायचं असतं ते त्या इथं बोलतात असं मला वाटतं.

आता कापलेल्या ताऱ्याकडे वळते.

निमंत्रितांची पंगत पाहुण्यांवर ठरते, आणि या पंगतीचे पाहुणे पांगलेत. पहिली काही वर्षं बघा: जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड. तिन्ही जगातल्या पहिल्या पाच-सहातले. याआधी हे सगळे संघ फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपातच खेळायचे. पोर्तुगालमध्ये १९९४ पासून अल्गार्व्ह कप चालायचा, आणि अमेरिका तो दहा वेळा जिंकलेली. २०१५ ला शेवटचा जिंकून त्यांनी हिशेब केला असणार: दुसऱ्याच्या गावात छोट्या मैदानांवर मूठभर लोकांसमोर खेळण्यापेक्षा तेच संघ घरी बोलवावेत, तिकिटं विकावीत, टीव्हीला हक्क द्यावेत. हिशेब बरोबर होता. पण इतरांनाही हिशेब येतो. फ्रान्सनं २०२० ला स्वतःची स्पर्धा काढली, इंग्लंडनं २०२२ ला आर्नोल्ड क्लार्क कप काढला, आणि त्याला जर्मनी, स्पेन, कॅनडा हे तिघे गेले. त्याच वर्षी आमच्याकडे कोण? आइसलँड, न्यूझीलंड, चेक प्रजासत्ताक. त्यांचा मान राखून म्हणते, पण न्यूझीलंडला ५-० आणि आइसलँडला ५-० हे बघायला मी पैसे टाकले नसते. न्यूझीलंडच्या एकाच बचावपटूकडून पहिल्या अर्ध्यातच तीन स्वयंगोल झाले त्या दिवशी. टीव्हीसमोर बसून मलाच गलबलून आलं. असा दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि आता तर युरोपात महिलांची नेशन्स लीग सुरू झाली आहे, २०२३ पासून. फेब्रुवारीतल्या त्याच तारखांना त्यांच्या मॅचेस. म्हणजे युरोपातला कोणी यायचा प्रश्नच मिटला. मग फिरून तेच: जपान, ब्राझील, कॅनडा, कोलंबिया, ऑस्ट्रेलिया. संघ चांगलेच आहेत, २०२५ ला जपाननं सॅन दिएगोत अमेरिकेला २-१ हरवून कप नेला तेव्हा मी सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. अमेरिकेच्या प्रशिक्षक एमा हेज यांचा या संघाबरोबरचा तो पहिला पराभव. पण फ्रान्स-जर्मनीसारखी मॅच त्याच तिकिटात मिळायची, ते दिवस गेले.

आता २०२४. त्या वर्षी स्पर्धा एप्रिलमध्ये ढकलली आणि चारच संघांत बाद फेरी लावली: अटलांटाला दोन उपांत्य, कोलंबसला फायनल आणि तिसऱ्या नंबरची. माझं स्पष्ट मत, ही पद्धत प्रेक्षकाचं नुकसान करते. दोन मॅचेसमध्ये सगळं संपलं. हो, फायनल थरारक झाली, अमेरिका-कॅनडा २-२ आणि मग पेनल्टीवर अमेरिका ५-४. टीव्हीवाल्यांना ते आवडणारच. पण साखळीत जे गणित तयार होतं त्याची मजा वेगळी. आमच्या घरच्यांना फुटबॉलमध्ये गोडी लागली ती या गणितामुळे. २०१७ ला त्यांचा पहिला प्रश्न होता, "फायनल नाही? मग जिंकलं कोण ते कळणार कसं?" २०१८ ला हॅरिसनचा दिवस संपला तेव्हा अमेरिका चार गुण, इंग्लंड चार गुण. घरी जाताना गाडीत त्यांनी नॅपकिनवर मांडणी केली: इंग्लंडनं फ्रान्सला ४-१ हरवलंय, त्यामुळे गोलफरकात ते पुढं, म्हणजे ऑर्लँडोला बरोबरी झाली तर कप इंग्लंडचा, अमेरिकेला जिंकायलाच हवं. म्हणजे फायनलच की! त्या बुधवारी रात्री ऑफिसचा कॉल लवकर संपवून माणूस टीव्हीसमोर हजर. अमेरिका १-० जिंकली, तेही इंग्लंडच्या स्वयंगोलावर. "नेट रनरेटपेक्षा हे सोपं आहे," असा शेरा मिळाला. आमच्या घरात याहून मोठी शाबासकी नाही.

२०२५ ला परत साखळी आली. छान केलं.

दादाला मी या मॅचेसचे व्हिडिओ पाठवते. पहिल्यांदा पाठवला तेव्हा त्याचं उत्तर होतं, "अगं, ह्या पोरी हाईत व्हय? मला वाटलं आपलं दिलबहार खेळतंय." आता तोच रात्री-अपरात्री उठून बघतो. २०२४ च्या फेब्रुवारीत उलटा मेसेज आला त्याचा: आपल्या पोरींनी इस्टोनियाला ४-३ हरवलं! तुर्कस्तानात अलान्याला अशीच एक निमंत्रितांची स्पर्धा होते, तिथं भारताचा संघ गेला होता. मनीषा कल्याणचे दोन गोल. युरोपातल्या देशाच्या वरिष्ठ संघाला भारतीय महिलांनी हरवण्याची ती पहिलीच वेळ. मग हाँगकाँगला २-०, आणि कोसोव्होविरुद्ध शेवटच्या मॅचमध्ये अगदी शेवटी एक गोल बसला, म्हणून उपविजेते. तिथं ना पंचवीस हजारांचं स्टेडियम, ना ढोल. रिसॉर्टच्या गावातलं सरावाचं मैदान आणि इंटरनेटवरचं प्रक्षेपण. तरीही अशा स्पर्धा किती उपयोगाच्या ते यातून दिसतं: आशियाबाहेरच्या संघाशी खेळायला आपल्या पोरींना एरवी मिळतं कुठं? २०२२ ला आशिया चषक नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्यात बालेवाडीला झाला. एवढी दारात आलेली स्पर्धा, आणि इराणशी शून्य-शून्य झाल्यावर संघात कोविड पसरून भारताला माघार घ्यावी लागली. दादा त्याबद्दल अजून हळहळतो. तेव्हा महाराष्ट्रात कोणी चार देशांची अशी स्पर्धा भरवली तर, त्याचं म्हणणं, कोल्हापूर देऊन टाका त्यांना. मैदान आहे, बघणारे आहेत. बायकांना बसायला नीट जागा आणि स्वच्छतागृहं तेवढी आधी करा, हे माझं त्यात घातलेलं.

आता कामाच्या गोष्टी, जायचं ठरवलंत तर.

गाडी घेऊन जाऊ नका. स्टेडियमच्या आसपास खासगी जागेत पार्किंगवाले मॅचच्या दिवशी मनाला येईल तो दर लावतात. एकानं आमच्याकडून इतके घेतले की नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते कळलं. शिवाय मॅच संपल्यावर आमच्यापुढं तीन गाड्या लावून गडी गायब. त्यापेक्षा एडिसन-आयसेलिनकडच्यांनी मेट्रोपार्कहून ट्रेन पकडावी, नेवार्क पेन स्टेशनला उतरावं आणि पाथनं (ही इथली मेट्रो) एक स्टेशन पुढं हॅरिसन. तिथून चालत दहा मिनिटंसुद्धा नाहीत. तिकिटं महासंघाच्या किंवा स्टेडियमच्या अधिकृत जागीच घ्या. पुनर्विक्रीच्या एका साइटवर आम्हाला शेवटच्या पानावर जी "सेवा फी" दिसली तीत लेकीचं अर्धं तिकीट आलं असतं.

पिशवीचे नियम आधी वाचून जा. मोठी पर्स आत सोडत नाहीत. डबा न्यायचा मोह होतो, मलाही झाला, पण चपातीचे रोल दाराशीच खाऊन आत गेलो. आतलं खाणं म्हणजे हॉट डॉग, प्रेट्झेल, चिकन टेंडर. शाकाहारी माणसाला फ्राइज आणि आशा. त्यापेक्षा दोन मॅचेसच्या आधी नेवार्कच्या आयर्नबाउंड भागात फेरी स्ट्रीटवर पोटभर जेवून घ्या. पोर्तुगीज वस्ती आहे, बेकऱ्या उत्तम. अंड्याचं चालत असेल तर तिथले कस्टर्ड टार्ट खा, आणि चार बांधून घ्या, थंडीत दुसऱ्या हाफला उपयोगी पडतात.

जागा निवडताना दुपारची मॅच असेल तर मैदानाच्या पूर्वेकडची बाजू घ्या. समोरून ऊन येतं, डोळे बारीक करावे लागतात, पण बोटं तरी हलतात. पश्चिमेकडची बाजू सावलीत असते आणि तिथं तिकीट महाग, ते का ते मला कळलेलं नाही. थर्मल घाला, दोन जोड मोजे घाला. खुर्च्या गारठलेल्या असतात, बसायला एखादी घडीची चटई किंवा जुना टॉवेल न्या. लहान मुलींना घेऊन जात असाल तर मॅच संपल्यावर लगेच निघू नका. खेळाडू मैदानाला फेरी मारतात, आणि कठड्याशी उभ्या असलेल्या पोरींशी थांबून बोलतात, सह्या देतात. त्यातही पाहुण्या संघाकडे जा. अमेरिकेच्या बाजूला चेंगराचेंगरी असते. २०१८ ला इंग्लंडच्या एका खेळाडूनं माझ्या लेकीला विचारलं, तू कुठल्या जागेवर खेळतेस? हिनं सांगितलं, मिडफिल्ड. ती म्हणाली, मग दोन्ही पायांनी शिक. त्यानंतर आमच्या गॅरेजच्या दाराला डाव्या पायाचे जे ठोके बसलेत त्यांचे पोचे अजून आहेत, आणि दुरुस्तीचा खर्च या स्पर्धेच्या खात्यावर टाकावा असं घरच्यांचं म्हणणं आहे.

परतीला पाथच्या स्टेशनवर अर्धा तास रांग लागते, कारण सगळे एकदमच निघतात. पाय धड असतील तर पूल ओलांडून नेवार्क पेन स्टेशनला चालत जा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रविवारी संध्याकाळी ट्रेन कमी असतात, वेळापत्रक फोनवर आधीच काढून ठेवा.